अमेरिकेतला काका १९६५ नंतरच का गेला?

ज्या मराठी घरात एखादा अमेरिकेतला काका किंवा शिकागोची आत्या आहे, तिथे त्यांच्या जाण्याचं साल विचारून पाहा. १९६७, १९६९, १९७२ अशी उत्तरं येतील. १९३५ किंवा १९५० असं उत्तर फार क्वचित येईल. आधीच्या पिढ्यांमध्ये हुशारी कमी होती म्हणावं, तर पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ पासून मिळत होतं आणि मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्याहून जुनं. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिकायला जाणं अवघड होतं, पण शक्य होतं. तिथे घर करून राहायचं, नागरिक व्हायचं, हे मात्र विसाव्या शतकात जवळजवळ अशक्य होऊन बसलं, कारण अमेरिकेने तसा कायदाच केला होता.

हा बंद दरवाजा ३ ऑक्टोबर १९६५ रोजी उघडला. आधुनिक अमेरिकेच्या इतिहासातली वळणं मोजताना लोक पर्ल हार्बर, केनेडींची हत्या, चंद्रावरचं पाऊल, ११ सप्टेंबर अशी नावं घेतात. १९६५चा इमिग्रेशन कायदा त्या यादीत सहसा नसतो. मला तो फार वरचा वाटतो. युद्धांनी अमेरिकेची सत्ता बदलली असेल. या कायद्याने तिथली माणसं बदलली. तो समजून घ्यायचा तर आधी दरवाजा बंद कसा झाला ते पाहावं लागतं, आणि मग तो कुणाच्या धक्क्याने उघडला तेही. या दुसऱ्या गोष्टीतली माणसं आपल्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांमध्ये जवळजवळ नसतात, म्हणून हा लेख.

गोरा म्हणजे कोण?

अमेरिकेने १७९० साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीला’ नागरिक होता येईल, असं त्यात होतं. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा समावेश झाला. आता प्रश्न आला आशियातून आलेल्यांचा. ते आफ्रिकी नव्हते. मग गोरे होते का? याचा निकाल एकेका खटल्यात, एकेका न्यायाधीशाच्या समजुतीवर लागू लागला. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गोरा ठरवलं आणि त्याचं नागरिकत्व टिकलं.

त्यानंतर आला भगतसिंग थिंद यांचा खटला. थिंद पंजाबचे शीख. १९१३ मध्ये अमेरिकेत गेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. त्यांना नागरिकत्व मिळालं, काढून घेतलं गेलं, पुन्हा मिळालं, आणि सरकार त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात गेलं. तेव्हाचं मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना ‘कॉकेशियन’ वंशात धरत असे. थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की कॉकेशियन म्हणजे गोरा, म्हणून मी गोरा. त्याला जातीचीही जोड दिली होती. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न मांडला गेला तो असा: अमृतसरला जन्मलेला ‘उच्चजातीय हिंदू’ गोरा धरायचा का? (तिथे तेव्हा सगळ्या भारतीयांना हिंदूच म्हणत, शीख असले तरी.) हा युक्तिवाद वाचताना मला वाईट वाटतं. नियमच अन्यायाचा आहे असं त्यात कुठे नाही. रेघ असू द्या, मला फक्त आतल्या बाजूला घ्या, एवढंच मागणं आहे.

ते मागणंही फेटाळलं गेलं. तीन महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं, की तुमची कातडी कितीही उजळ असली तरी गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही कॉकेशियन नाही. १९ फेब्रुवारी १९२३ला थिंद यांना सांगितलं, की शास्त्र तुम्हाला कॉकेशियन म्हणत असेल, पण सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. दोन्ही निकालपत्रं एकाच न्यायमूर्तींनी, जॉर्ज सदरलँड यांनी लिहिली.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पंडित स्वतः १९१४ साली नागरिक झाले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत होते. थिंद निकालानंतर सरकारने आधी नागरिकत्व दिलेल्या भारतीयांकडून ते परत घ्यायला सुरुवात केली, आणि पंडितांवरही नोटीस आली. इथे त्यांनी ‘मी गोरा आहे’ हा वाद घातलाच नाही. त्यांचं म्हणणं होतं: तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केलं, तेव्हा सरकारने अपील केलं नाही, त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, घर घेतलं, लग्न केलं, आता इतक्या वर्षांनी तो निकाल उलटवता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला आणि इतर भारतीयांवरच्या अशा कारवायाही थांबल्या. तोवर बऱ्याच जणांचं नागरिकत्व गेलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई त्यांपैकी एक. ब्रिटिश राजवट नको म्हणून ते बायकामुलांसह अमेरिकेत आले होते. नागरिकत्व गेलं, त्यासोबत मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला, मायदेशी भेटीला जायचं तर अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

शंभर माणसं

ही झाली आत असलेल्यांची गोष्ट. बाहेरून येणाऱ्यांसाठी १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागाला, भारतासह, बंदीचा पट्टा ठरवलं. विद्यार्थी, प्रवासी वगैरेंना सूट होती, कामगाराला नव्हती. मग १९२४ चा कायदा आला, त्याने युरोपलाही चाळणी लावली.

ही चाळणी कशी होती ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रत्येक देशाला कोटा ठरला: १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के. कायदा १९२४ चा आणि जनगणना १८९० ची, हे मुद्दाम केलेलं होतं. इटालियन, पोलिश आणि रशियातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. जुनी जनगणना धरली की ते आपोआप गळतात. १९२९ पासून हिशोबाची पद्धत बदलली, पण रोख तोच राहिला: ब्रिटनला वर्षाला सुमारे ६५,०००, इटलीला ६,००० पेक्षा कमी, ग्रीसला ३०० च्या आसपास. आणि ज्यांना वंशामुळे नागरिकच होता येत नव्हतं, म्हणजे आशियातले लोक, त्यांना प्रवेशच नाही.

दुसऱ्या महायुद्धात चीन आणि भारतातले सैनिक दोस्तांच्या बाजूने लढत होते. त्यांना ‘तुम्ही आमच्या लायकीचे नाही’ म्हणणं अवघड झालं. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला कोटा मिळाला १०० माणसांचा. एसटीच्या दोन गाड्यांत बसतील इतकी माणसं, अख्ख्या देशासाठी, वर्षभरात. तरी या छोट्या फटीचाही उपयोग झाला. कॅलिफोर्नियात शेती करणारे दलीपसिंग सौंद या कायद्यामुळे नागरिक होऊ शकले आणि १९५६ मध्ये अमेरिकी संसदेवर निवडून गेले. आशियाई वंशाचे ते तिथले पहिले खासदार.

१९५२ मध्ये नागरिकत्वातली वंशाची अट सगळ्यांसाठी गेली. कोटे मात्र तसेच राहिले. अध्यक्ष ट्रुमन यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, संसदेने तो झुगारून कायदा केला. कोटे पाडायची ताकद अजून कुणाकडे नव्हती. ती आली अमेरिकेच्या दक्षिणेतून, आणि ती आणणाऱ्यांच्या मनात इमिग्रेशनचा विषयही नव्हता.

सेल्माचा पूल

१ डिसेंबर १९५५. अलाबामातल्या माँटगोमरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. शहरातले कृष्णवर्णीय लोक त्यानंतर ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. कामाला पायी गेले, मिळेल त्या गाडीने गेले. पुढची दहा वर्षं हेच चालू राहिलं: उपाहारगृहांत बसून निषेध, बर्मिंगहॅममध्ये शाळकरी पोरांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री, १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेल, नोकरी, सार्वजनिक जागा, कुठेही वंश, वर्ण, धर्म किंवा ‘राष्ट्रीय मूळ’ यांवरून भेद करायला बंदी आली.

पण मतदानाचा हक्क दक्षिणेत कागदावरच होता. म्हणून ७ मार्च १९६५ रोजी सुमारे ६०० लोक अलाबामातल्या सेल्मा गावातून राज्याच्या राजधानीकडे, माँटगोमरीकडे, चालत निघाले. एडमंड पेटस पुलाच्या पलीकडे पोलीस उभे होते. त्यांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. जॉन लुईस नावाच्या पंचविशीतल्या कार्यकर्त्याची कवटी फुटली. त्याच रात्री देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. आठवड्याने अध्यक्ष लिंडन जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले आणि आंदोलकांचंच वाक्य त्यांनी उच्चारलं: आम्ही मात करू. ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, रविवारी, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याखाली बसून जॉन्सन यांनी इमिग्रेशन कायद्यावर सही केली.

हे दोन महिन्यांचं अंतर हा योगायोग नव्हता. देशाच्या आत कुणाच्या ‘राष्ट्रीय मुळा’वरून नोकरी नाकारता येत नाही, हे एकदा कायद्यात लिहिलं, की बंदरावर त्याच मुळावरून माणसं निवडणं उघडंनागडं दिसायला लागलं. केनेडींनी १९६३ मध्येच कोटे रद्द करायचा प्रस्ताव मांडला होता, पण तो अडकून पडला होता. सेल्मा आणि माँटगोमरीच्या लोकांनी जी नैतिक हवा तयार केली, आणि १९६४ च्या निवडणुकीत जॉन्सन यांच्या पक्षाला जे प्रचंड बहुमत मिळालं, त्यात तो पार पडला. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य सांगणारं. ते नातं त्यांनी ओळखलं होतं. नंतर विमानाने गेलेल्या आपल्यातल्या फार थोड्यांनी ते लक्षात ठेवलं. थिंद यांनी आपण गोरे असल्याचं सिद्ध करून आत जायचा प्रयत्न केला होता आणि ते हरले. पुढे आपल्या लोकांसाठी जे दार उघडलं, ते गोरेपणाची अटच मोडून काढणाऱ्यांमुळे.

या कायद्याच्या नावात ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या इमॅन्युएल सेलर यांच्याबद्दल एक वाक्य तरी हवंच. ब्रुकलिनचे हे खासदार १९२४ मध्ये नवखे होते, तेव्हा त्यांनी कोट्यांच्या कायद्याला विरोध केला होता. ४१ वर्षं ते त्याविरुद्ध बोलत राहिले, आणि तो मोडणारं विधेयक शेवटी त्यांनीच मांडलं.

ठरवलं एक, झालं दुसरंच

सही करताना जॉन्सन म्हणाले होते, की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही. ते लोकांना फसवत नव्हते. बहुतेकांचा तोच समज होता.

नव्या कायद्याने देशवार कोटे काढून टाकले. पूर्व गोलार्धाला, म्हणजे युरोप, आशिया, आफ्रिकेला मिळून वर्षाला १,७०,००० व्हिसा; एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. आत कुणाला आधी घ्यायचं, यावर खरी ओढाताण झाली. सरकारला कौशल्याला पहिला मान द्यायचा होता. ओहायोचे खासदार मायकेल फेगन यांनी हट्ट धरला, की अमेरिकेत आधीपासून असलेल्यांच्या नातेवाइकांना पहिला मान द्या. त्यामागचा विचार सरळ होता: आज इथे बहुसंख्य गोरे आहेत, त्यांचे नातेवाईकही गोरेच असणार. सुमारे ७४ टक्के व्हिसा नात्यांसाठी राखले गेले, २० टक्के कौशल्यासाठी, ६ टक्के निर्वासितांसाठी.

हिशोब चुकला, कारण पश्चिम युरोप तोवर युद्धातून सावरून सुखात नांदू लागला होता. तिथल्या पुतण्याला देश सोडायची गरज राहिली नव्हती. गरज होती आशियात. आता एक इंजिनिअर कौशल्याच्या वाट्यातून गेला असं समजा. त्याच्या मागून बायको गेली. पाच वर्षांनी तो नागरिक झाला, की आईवडिलांना बोलावता येतं, आणि तेही एकूण मर्यादेच्या बाहेर. भावाबहिणींसाठी वेगळी श्रेणी. भाऊ गेला, की त्याच्या बायकोमुलांसह. गोऱ्यांसाठी बांधलेल्या जिन्यावरून दुसरीच कुटुंबं चढून गेली. कोल्हापूर, ठाणे, नागपूरच्या घरांत १९६० च्या दशकाअखेर एक काका गेला आणि १९८० च्या दशकात तिघे-चौघे, ते यामुळे.

पहिल्या लाटेत डॉक्टर इतके का होते, यालाही कारण आहे. त्याच वर्षी, ३० जुलै १९६५ रोजी, वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांवर सही झाली. रुग्णालयांत येणारी माणसं वाढली, डॉक्टर कमी पडू लागले. इकडे भारतात सरकारी खर्चाने उत्तम डॉक्टर आणि इंजिनिअर तयार होत होते, आणि परकीय चलन इतकं दुर्मीळ होतं की जाताना खिशात आठ डॉलर न्यायची परवानगी मिळे. आठ डॉलरची ती आठवण त्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. जिद्द त्यांची होतीच. पण त्यांना आधी चाळणीने निवडलेलं होतं, हेही खरं. शिकलेलेच आत घेतले, म्हणून ‘भारतीय लोक तिथे यशस्वीच होतात’ असं चित्र तयार झालं. त्याच चित्राचा दाखला देऊन पुढे कृष्णवर्णीयांनाच ऐकवलं गेलं, की हे बघा, यांना जमलं, तुम्हाला का नाही. यातला अन्याय आपण स्वतः बोलून दाखवायला हवा असं मला वाटतं.

आकडे पाहा. १९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेले सुमारे १२,००० लोक होते. १९८० मध्ये दोन लाखांवर. २०१९ पर्यंत २७ लाखांच्या आसपास. उत्तर अमेरिकेतली मराठी मंडळं एकत्र येऊन १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. बेळगावहून १९७९ साली शिकायला गेलेले श्री ठाणेदार आज मिशिगनमधून संसदेत आहेत. मराठी मातृभाषा असलेला माणूस तिथवर पोचला.

या कायद्याची दुसरी बाजू मेक्सिकोने भोगली. १९६५ पर्यंत पश्चिम गोलार्धाला, म्हणजे अमेरिका खंडांतल्या इतर देशांना, आकड्याची मर्यादाच नव्हती. मेक्सिकन शेतमजूर हंगामाला येत आणि परत जात. त्यासाठी चालणारी सरकारी मजूर योजना १९६४ अखेर बंद झाली. नव्या कायद्याने पश्चिम गोलार्धाला १,२०,००० ची मर्यादा घातली, आणि १९७६ मध्ये तिथल्या प्रत्येक देशाला २०,००० ची. शेतं तिथेच राहिली, मजूर लागतच होते, येणारी माणसंही बरीचशी तीच होती. काल जे येणं कायदेशीर होतं, ते आता गुन्हा झालं. अमेरिकेत आज ‘बेकायदा स्थलांतरितां’वरून जे रान पेटतं, त्याची एक मोठी मुळी इथे आहे.

समान वागणूक आणि लांब रांग

१९९० मध्ये कायदा पुन्हा बदलला. एच-१बी हा कामाचा तात्पुरता व्हिसा आजच्या रूपात आला. पुढच्या दशकात संगणक क्षेत्राला माणसांची भूक लागली, आणि पुणे, हैदराबाद, बंगळुरूची मुलं त्यातून गेली. नोकरीच्या आधारे कायमच्या राहण्याची परवानगी, म्हणजे ग्रीन कार्ड, वर्षाला १,४०,००० जणांना देता येईल असं ठरलं. आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे साधारण ९,८००, आणि त्यात अर्जदाराची बायकामुलंही मोजली जातात. इतरांकडून उरलेली थोडी पदरात पडतात, पण मागणीच्या मानाने ती काहीच नाहीत.

आइसलँडलाही ७ टक्के आणि भारतालाही ७ टक्के. १९६५ मध्ये ‘सर्व देश समान’ हे तत्त्व अन्याय मोडायला आणलं होतं. तेच तत्त्व आज भारतात जन्मलेल्याला दशकाहून जास्त काळ रांगेत उभं करतं, आणि शेजारच्या टेबलावरचा युरोपात जन्मलेला सहकारी त्याच्या कितीतरी आधी मोकळा होतो. रांग नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर ठरते. कॅनडाचा पासपोर्ट घेतला तरी मुंबईत जन्मलेला माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो. आईवडिलांचं बोट धरून तीन वर्षांची असताना न्यू जर्सीला गेलेली, तिथेच शाळा शिकलेली मुलगी २१ वर्षांची झाली आणि रांग सरकली नाही, तर आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळू शकतं. मग तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो.

१९६५ च्या कायद्यात एक वाक्य आहे: वंश, लिंग, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान किंवा निवासस्थान यांवरून कुणालाही व्हिसा देताना प्राधान्य मिळणार नाही आणि भेदभावही होणार नाही. सेल्माच्या पुलावर लाठ्या खाल्लेल्या माणसांचं देणं त्या वाक्यात आहे. त्याच वाक्यात अपवादाचीही सोय आहे, आणि प्रत्येक देशाची ती मर्यादा, जी जन्मस्थानावरूनच मोजली जाते, त्या अपवादात बसते.